नोंदयंत्राचा पासंग : तो ओळखावा कसा व काढावा कसा

धान्य मोजण्यापूर्वीं रिकाम्या तराजूची दांडी समतोल आहे कीं नाहीं हें पाहण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. दोन्ही पारडीं रिकामीं असतां एक पारडें खालीं जात असेल, तर त्या तराजूंत पासंग आहे असें आपण म्हणतों, व दुसऱ्या पारड्यांत खडा घालून तो काढतों. ही तपासणी न करतां माल घेतला तर प्रत्येक मापामागें थोडें थोडें नुकसान होतें; आणि मापें जितकीं अधिक, तितकें एकंदर नुकसानही अधिक.

अलीकडे शेतांत तराजूच्याच जातीचीं, परंतु पारडीं न दिसणारीं यंत्रें आलीं आहेत. हवेचें उष्णतामान, पाऊस, जमिनींतील ओल, विहिरींतील पाण्याची पातळी इत्यादि गोष्टी सेन्सरच्या द्वारें मोजून दर पंधरा मिनिटांस किंवा दर तासास त्यांची आपोआप नोंद ठेवणाऱ्या यंत्रास ‘डेटा लॉगर’ म्हणतात. या लेखांत आम्ही त्यास नोंदयंत्र म्हणूं. आकडा स्वच्छ अक्षरांत व दशांशासह दिसतो म्हणून तो खराच असला पाहिजे, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः रिकाम्या तराजूची दांडी पाहणें जितकें अवश्य, तितकेंच या यंत्राची दांडी पाहणेंही अवश्य आहे. ती कशी पाहावी, चूक आढळल्यास ती साखळीच्या कोणत्या कडींत आहे हें कसें शोधावें, आणि मग ती हिशेबांतून कशी काढावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दोष तीन जातींचे

आकडा खरा नसला म्हणजे यंत्र निकामी झालें असें नव्हे. चुकीच्या मुख्यतः तीन जाती आहेत व प्रत्येकीचें औषध निराळें आहे.

पहिली जात पासंगाची, म्हणजे शून्यदोषाची. खरें मान कांहींही असो, आकडा नेहमीं तितकाच अधिक किंवा तितकाच उणा येतो. खऱ्या १० अंशांस यंत्र १२ दाखवितें, २० अंशांस २२ व ३० अंशांस ३२. हा २ अंशांचा पासंग झाला. याचें औषध वजाबाकी.

दुसरी जात प्रमाणदोषाची. यांत शून्यापाशीं यंत्र बरोबर असतें, परंतु मान वाढतें तशी चूकही वाढते. १० मिलिमीटर पाऊस पडला असतां ९ व १०० मिलिमीटर पडला असतां ९० अशी नोंद होते. हा दांडीचा दोष नसून वजनांचा दोष होय. मापच लहान असलें म्हणजे जसें होतें, तसें हें आहे. याचें औषध गुणाकार किंवा भागाकार.

तिसरी जात भरकटण्याची. चूक सकाळीं एक, दुपारीं दुसरी; पंप चालू असतां एक, बंद असतां दुसरी; बॅटरी भरलेली असतां एक, उतरलेली असतां दुसरी. हिला गणिताचें औषध नाहीं. तिचें कारण शोधून तेंच दूर केलें पाहिजे.

पहिल्या दोन जाती एकत्र नांदतात, हें विशेष लक्षांत ठेवावें. एकाच ठिकाणीं ताडून पाहिलें तर त्या एकमेकींपासून ओळखतां येत नाहींत. म्हणून यंत्र ताडणें तें एका बिंदूवर नव्हे, निदान दोन बिंदूंवर ताडलें पाहिजे.

कोयनेच्या आलेखाचा धडा

लहानशा पासंगानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. याचें उत्तर आपल्या पाटण तालुक्यांतच आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनानगर परिसरांत मोठा भूकंप झाला, त्या वेळीं कोयना धरणांत बसविलेल्या यंत्रानें जमिनीच्या हादऱ्यांचा, म्हणजे प्रवेगाचा, आलेख टिपला. जगांतील धरण-अभियंत्यांनीं हा आलेख पुढें वर्षानुवर्षें अभ्यासिला, कारण भक्कम हादरा बसलेल्या मोठ्या काँक्रीट धरणांतील असा आलेख अत्यंत दुर्मिळ होता.

असा आलेख वापरण्यापूर्वीं त्याची शून्यरेषा बसवून घ्यावी लागते. कां, तें पाहा. प्रवेगाची बेरीज केली म्हणजे वेग मिळतो, व वेगाची बेरीज केली म्हणजे जमीन किती सरकली तें मिळतें. समजा, शून्यरेषा गुरुत्वाकर्षणाच्या अवघ्या एक-सहस्रांशानें, म्हणजे प्रतिसेकंद प्रतिसेकंद सुमारें १ सेंटिमीटरनें, वर बसली आहे. आलेख पाहणाऱ्याच्या डोळ्यांस ही चूक दिसणारही नाहीं. परंतु १० सेकंदांनंतर हिशेबांत प्रतिसेकंद १० सेंटिमीटर खोटा वेग जमा होतो, आणि खोटें सरकणें जवळजवळ ५० सेंटिमीटर होतें. धरण जागचें हाललेलें नसतां कागदावर तें अर्धा मीटर पुढें जातें! पासंग एका आकड्यांत निरुपद्रवी दिसतो. बेरजेंत तो वाढत जातो.

शेतकऱ्याचे बहुतेक हिशेब बेरजेचेच असतात. पिकाच्या वाढीसाठीं रोजच्या उष्णतेची बेरीज करून ‘अंश-दिवस’ काढण्याची रीत आहे. उष्णतामानांत १·८ अंशांचा पासंग असेल, तर ११० दिवसांत १९८ अंश-दिवस खोटे जमतात. जेथें रोज सुमारें १५ अंश-दिवस जमत असतील, तेथें पीक पक्व होण्याचा अदमास १३ दिवसांनीं चुकतो. पाण्याचेंही तसेंच. नळ बंद असतांही प्रवाहमापक यंत्र सेकंदास ०·२ लिटर दाखवीत राहिलें, तर दिवसांत १७,२८० लिटर पाणी कागदावरच वाहून जातें.

आणि नुकसान कागदापुरतेंच राहत नाहीं. आल्याच्या वाफ्यांतील ओल यंत्र खरीपेक्षां उणी दाखवूं लागलें, तर मालक गरज नसतां पाणी देतो. पाणी सांचून राहिलेल्या जमिनींत कंदकूज बळावते, व यंत्र घेतल्याचा लाभ दूर राहून बियाण्याचाही खर्च अंगावर येतो.

चूक कोणत्या कडींत आहे ?

आकडा हातीं येण्यापूर्वीं तो एका साखळींतून येतो : सेन्सर, त्याची तार, यंत्राचें मुख, यंत्रांतील गणित व यंत्राचें घड्याळ. पासंग दिसतांच वजाबाकी करून मोकळे होणें हा उतावळेपणा होय. सैल झालेल्या तारेमुळें आलेली चूक वजा केली, तर तार पुन्हां घट्ट बसल्यावर तीच वजाबाकी नवी चूक होऊन बसते. म्हणून प्रथम कडी शोधावी. त्यासाठीं पुढील कसोट्या क्रमानें लावाव्या.

१. मुख जोडून पाहणें. सेन्सरची तार काढावी व जें मुख विद्युद्दाब मोजतें त्याचीं धन व ऋण अशीं दोन्ही टोंकें आंखूड तांब्याच्या तारेनें एकमेकांस जोडावीं. आतां तेथें दाब शून्य आहे; यंत्रानेंही शून्य मिलिव्होल्ट दाखविले पाहिजेत. दाखविले, तर यंत्र निर्दोष असून दोष सेन्सर किंवा तारेंत आहे. शून्याऐवजीं दुसराच आकडा आला, तर तो यंत्राचा स्वतःचा पासंग. येथें दोन सूचना अवश्य पाळाव्या. मुख नुसतें उघडें ठेवून शून्याची अपेक्षा करूं नये. उघडें मुख हवेंतील विद्युत् उचलतें व वाटेल तो आकडा दाखवितें. तसेंच सेन्सरला वीज पुरविणारीं टोंकें चुकूनही एकमेकांस जोडूं नयेत. कोणतें टोंक कशाचें, हें यंत्राच्या पुस्तिकेंत पाहून मगच तार लावावी.

२. अदलाबदल. एकाच जातीचे दोन सेन्सर असतील तर त्यांचीं मुखें बदलावीं. दोष सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर दोषी. दोष जागच्या जागीं राहिला तर मुख दोषी. या कसोटीस एक पैचा खर्च नाहीं, आणि तरीही हिचा उपयोग फार थोडे लोक करितात.

३. तारेची लांबी. प्लॅटिनमचा १०० ओहमचा उष्णतासेन्सर पुष्कळ यंत्रांबरोबर येतो. त्याचा विरोध दर अंशास सुमारें ०·३८५ ओहमनें वाढतो. तो दोनच तारांनीं जोडला असेल, तर तारांचा विरोधही त्याच्या विरोधांत मिसळतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला सुमारें ०·०३४५ ओहम विरोध करिते. सेन्सर २० मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तार होते; तिचा विरोध १·३८ ओहम, म्हणजे साडेतीन अंशांहून अधिक पासंग! सेन्सर चांगला, यंत्रही चांगलें, आणि आकडा मात्र खोटा. याचा उपाय तीन किंवा चार तारांची जोडणी. यंत्र मग तारेचा विरोध आपणच वगळतें.

४. पंप व भूतार. पंप बंद असतांचा आकडा व चालू केल्यावरचा आकडा एका मिनिटाच्या अंतरानें टिपावा. दोहोंत फरक पडला तर बहुधा सेन्सर आणि दुसरें एखादें उपकरण एकच परततार वापरीत आहेत. त्या तारेचा विरोध अर्धा ओहम असेल व तींतून दुसऱ्या उपकरणाचा २० मिलिअँपिअर प्रवाह जात असेल, तर १० मिलिव्होल्ट दाब उगाच उत्पन्न होतो. अंशास १० मिलिव्होल्ट देणाऱ्या सेन्सरमध्यें हा सरळ एका अंशाचा दोष झाला. सेन्सरची परततार यंत्रापर्यंत स्वतंत्र न्यावी, सेन्सरच्या तारा पंपाच्या केबलपासून दूर ठेवाव्या, आणि यंत्राची भूतार एकाच ठिकाणीं जोडावी.

५. गणिताची चूक. विहिरींतील पातळी मोजणारे पुष्कळ सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह देतात. यांत ४ हें शून्य होय. तार तुटली तर प्रवाह अगदीं बंद होतो व ‘विहीर कोरडी’ आणि ‘तार तुटली’ यांतील भेद कळतो, अशी ही युक्ति आहे. परंतु यंत्रांत ० ते २० असें मान बसविलें गेलें, तर काय होतें पाहा. सेन्सर १० मीटरचा आहे असें धरूं. कोरड्या विहिरींत यंत्र २ मीटर पाणी दाखवितें. खरें ५ मीटर असतां ६ दाखवितें. आणि विहीर पूर्ण १० मीटर भरली म्हणजे १० दाखवून अगदीं बरोबर ठरतें! श्रावणांत भरल्या विहिरीवर ज्यानें यंत्र ताडलें त्याला दोष दिसणार नाहीं. तो वैशाखांत दिसेल, आणि तेव्हां त्या खोट्या दोन मीटरांच्या भरंवशावर पंप कोरडा चालेल. येथें वजाबाकी कामाची नाहीं. यंत्रांतील मानच बदललें पाहिजे.

६. घड्याळ. पासंग केवळ आकड्यांतच नव्हे, वेळेंतही असतो. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळीं साडेआठ ते दुसऱ्या सकाळीं साडेआठ असा धरितात. कित्येक यंत्रें जागतिक वेळेवर लावलेलीं असतात व ती भारतीय वेळेपेक्षां साडेपांच तास मागें असते. म्हणजे आपले साडेआठ वाजतां तीं तीन वाजल्याचें लिहितात. दुसरीं कांहीं यंत्रें मध्यरात्रीपासून दिवस मोजतात. रात्रभर पाऊस झाला असतां अशा दोन यंत्रांच्या आकड्यांत मोठें अंतर पडतें, व मालक विनाकारण पर्जन्यमापकास दोष देतो. आकडे ताडण्यापूर्वीं दिवस कोठून कोठवर मोजला, हें पाहावें.

उष्णतामापक ताडणें

कडी शोधून दुरुस्त केल्यावर जो दोष उरेल तोच ताडून काढावयाचा. उष्णतामानाच्या सेन्सरसाठीं पहिला बिंदु बर्फाचा. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक ठेचून थर्मासांत भरावा व फटी भरतील इतकेंच थंड पाणी घालावें. बर्फ पाण्यावर तरंगूं लागण्याइतकें पाणी नसावें. पाण्यांत चालणारा सेन्सर त्यांत मध्यावर, तळास न टेकतां, ठेवावा. पंधरा मिनिटें थांबून मधून मधून ढवळावें व आकडा स्थिर झाल्यावर पांच नोंदी घ्याव्या. येथें खरें मान शून्य अंश. बर्फांत मीठ अजिबात नसावें. मिठानें मान शून्याच्या खालीं जातें.

दुसरा बिंदु उकळत्या पाण्याचा घ्यावा असें शाळेंतील पुस्तकावरून वाटेल. परंतु तो पाटणांत १०० अंश धरणें चूक होय. आपलें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें पावणेसहाशे मीटर उंच आहे, व उंचीबरोबर हवेचा दाब उतरतो; त्यामुळें येथें पाणी सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. जो येथें १०० धरील तो निर्दोष यंत्रांत २ अंशांचा दोष ‘काढून’ बसेल. शिवाय शेतांतील हवा ९८ अंशांवर कधींच जात नाहीं. म्हणून दुसरा बिंदु ४० अंशांच्या आसपास कोमट पाण्याचा घ्यावा. थर्मासांतील कोमट पाण्यांत प्रमाणित काचेचा उष्णतामापक व सेन्सर एकत्र बांधून बुडवावे, ढवळावें, व दोहोंचे आकडे एकाच क्षणीं वाचावे. काचेचा मापकही आधीं त्याच बर्फांत पाहून घ्यावा.

आतां हिशेब. समजा, बर्फांत यंत्रानें १·८ दाखविले, आणि मापक ४०·० दाखवीत असतां यंत्रानें ४२·६ दाखविले. मापकावर ४० अंश चढले असतां यंत्रावर ४२·६ वजा १·८, म्हणजे ४०·८ चढले. ४०·८ भागिले ४० म्हणजे १·०२. म्हणून या यंत्राचा नियम असा : आकड्यांतून १·८ वजा करावे व बाकीस १·०२ नें भागावें. यंत्र १२·० दाखवील तेव्हां खरें मान १०·०. ३२·४ दाखवील तेव्हां ३०·०. केवळ वजाबाकी केली असती तर ३२·४ चे ३०·६ झाले असते, म्हणजे अर्ध्या अंशाहून अधिक दोष तसाच राहिला असता. नियम केल्यावर तिसऱ्या बिंदूवर, सुमारें २५ अंशांच्या पाण्यांत, त्याचा ताळा अवश्य पाहावा.

ताडतांना बरोबर असलेला सेन्सर शेतांत दुपारीं अधिक व रात्रीं बरोबर दाखवीत असेल, तर दोष यंत्राचा नसून जागेचा आहे. सेन्सरवर ऊन पडत आहे. त्यास हवा खेळती राहील असें पांढरें झडपांचें आच्छादन द्यावें व तो सव्वा ते दोन मीटर उंचीवर, भिंत आणि पत्रा यांपासून दूर ठेवावा.

पर्जन्यमापक व ओल

स्वयंचलित पर्जन्यमापकांत लहान पळीची जोडी असते. एक पळी भरली म्हणजे उलटते, दुसरी तिच्या जागीं येते, व प्रत्येक उलटण्याची नोंद होते. त्याचें शून्य निसर्गच दाखवितो. माघ-फाल्गुनांतील कोरड्या दिवशीं नोंद शून्य असली पाहिजे. नसल्यास वाऱ्यानें खांब हालत आहे, किंवा तार सैल झाली आहे. दुसरा बिंदु मोजलेल्या पाण्याचा. मुखाचें क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. ५०० मिलिलिटर पाणी बारीक छिद्राच्या भांड्यांतून तासभर थेंबथेंब सोडावें. यंत्रानें २५ मिलिमीटर लिहिले पाहिजेत. २३ लिहिले, तर नाळक्यांतील माती, पानें, कोळिष्टकें काढून पळ्या पुसाव्या, मापकाची बैठक पाणसळीनें सपाट आहे कीं नाहीं तें पाहावें व पुन्हां प्रयोग करावा. तरीही २३ च आले, तर दोष प्रमाणाचा आहे : आकड्यास २५ नें गुणून २३ नें भागावें. येथें रोज २ मिलिमीटर मिळविणें हा शुद्ध अविचार होय. त्यानें कोरड्या दिवशींही पाऊस पडेल.

कोयनेच्या खोऱ्यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अतिशय जोराच्या पावसांत पळी उलटत असतां त्या क्षणीं पडणारें पाणी मोजलें जात नाहीं, म्हणून असा मापक मुसळधारेंत उणा मोजतो. सावकाश सोडलेल्या पाण्यानें हा दोष उघड होत नाहीं. त्यासाठीं शेजारीं एक साधा हातानें मोजावयाचा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजावें. महिन्याची बेरीज दोहोंची ताडली म्हणजे यंत्राची योग्यता कळते.

जमिनीच्या ओलीच्या सेन्सरचा कारखान्यांतील हिशेब एका ठराविक मातीवर केलेला असतो. पश्चिमेकडील पठारांची जांभ्याची माती व नदीकांठची काळी माती यांस तोच लावणें बरें नव्हे. आपल्याच शेतांतील माती दोन वेळां, एकदां पाणी दिल्यावर निचरा होतांच व एकदां वाफसा ओसरून जमीन सुकल्यावर, सेन्सरच्या शेजारून घ्यावी. ती लगेच तोलून, माती-परीक्षण प्रयोगशाळेंत १०५ अंशांवर चोवीस तास सुकवून पुन्हां तोलावी. ओली १२० ग्रॅम व सुकी १०० ग्रॅम भरली तर ओल वजनी शेंकडा २०. परंतु बहुतेक सेन्सर ओल घनफळाच्या मानानें सांगतात. जमिनीच्या एक घन सेंटिमीटरचें सुकें वजन १·२ ग्रॅम असेल, तर तीच ओल २० गुणिले १·२, म्हणजे शेंकडा २४ होते. हा ४ चा फरक पासंग नव्हे. मापांची जात निराळी आहे. तो वजा करणारा निरोगी माणसास औषध पाजतो. सेन्सरच्या पात्यांभोंवतीं पोकळी राहिली असेल, तर हवेमुळें आकडा उणा येतो, हेंही आधीं पाहून घ्यावें.

नोंदवहीचें महत्त्व

येथवर सांगितलेलें सर्व केलें, आणि लिहून ठेवलें नाहीं, तर श्रम वायां गेले असें समजावें. प्रत्येक यंत्रासाठीं एक लहान वही करावी व तींत तारीख, वेळ, कशाशीं ताडलें, खरें मान, यंत्राचा आकडा, निघालेला नियम व केलेली दुरुस्ती असे रकाने आंखावे. यंत्रानें लिहिलेला मूळ आकडा कधींही खोडूं नये; दुरुस्त आकडा त्याच्या शेजारीं निराळ्या रकान्यांत मांडावा. नियम उद्यां चुकीचा ठरला, तर मूळ आकड्यांवरून नवा हिशेब करितां येतो. मूळ आकडेच बदलले, तर कांहींच करितां येत नाहीं.

या वहीचा दुसरा उपयोग व्यवहाराचा आहे. महाराष्ट्रांत ‘महावेध’ प्रकल्पाखालीं २०१७ पासून महसूल मंडळांच्या ठिकाणीं स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं, व हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत नुकसानभरपाईचा निर्णय अशा केंद्रांच्या आकड्यांवरून होतो. सांगलीकडील द्राक्षबागाइतदारांस यांतील एक-दोन अंशांचें मोल सांगावयास नको. ठरलेल्या मर्यादेच्या एका बाजूस आकडा पडला तर रक्कम मिळते, दुसऱ्या बाजूस पडला तर मिळत नाहीं. केंद्राचा आकडा आपल्यास बदलतां येणार नाहीं, व तो बदलूं पाहणें रास्तही नव्हे. परंतु त्याविषयीं शंका असल्यास, ‘आमच्या गांवीं पाऊस अधिक झाला’ एवढें तोंडी सांगणें आणि तारीखवार, दोन बिंदूंवर ताडलेल्या यंत्राची वही पुढें ठेवणें, यांत महदंतर आहे. अशी वही एकाच्या घरीं असण्यापेक्षां गांवांतील चार शेतकऱ्यांच्या घरीं असावी. चौघांचे आकडे एकमेकांशीं जुळले म्हणजे त्यांचें वजन वाढतें. आपला आकडा केंद्राशीं जुळत नसेल, तर मात्र प्रथम आपल्याच यंत्राची दांडी पाहावी, आणि दोन ठिकाणांत डोंगर आडवा आहे काय याचाही विचार करावा. पाटण तालुक्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे येतांना थोडक्या कोसांत पाऊस झपाट्यानें कमी होतो. दोन्ही आकडे खरे असूनही निरनिराळे असूं शकतात.

वर्षांतून दोनदां हें काम करावें असें आम्ही सुचवितों. मृग लागण्यापूर्वीं पर्जन्यमापक, बॅटरी व घड्याळ. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस उघडल्यावर उष्णतामान, ओल व विहिरीची पातळी. जवळ वीज पडली, तार बदलली, किंवा यंत्राची जागा हालविली, तर मध्येंही एकदां करावें. साहित्य तें काय : शेरभर बर्फ, एक थर्मास, एक चांगला उष्णतामापक, एक मापाचें भांडें, हातभर तार व एक वही. दुपारभराचें हें काम आहे. ज्यानें आपल्या यंत्राचा पासंग मोजून लिहून ठेवला आहे, त्यास तें यंत्र फारसें भारी नसलें तरी भरंवशाचा आकडा देईल. आणि ज्यानें तो पाहिलाच नाहीं, त्यास उंची किंमतीचें यंत्रही केवळ दशांशांसह अदमास सांगत राहील.